ऐकलंत का, प्राइसांच्या घरी…

अहो वहिनी, ऐकलंत का? आत जाऊ नका हो, कपडे घाला दोन मिनिटांनी वाळत, ॲडलेडचं ऊन कुठे पळून जातंय. इकडे या, कुंपणाशी. ह्या कलरबाँडच्या पत्र्याला मेली एक फट म्हणून नाही, बोलायचं म्हणजे मला दुधाच्या क्रेटवर चढावं लागतं. हं, आता दिसलात.

तर प्राइसांच्या घरचं. हॅलेट कोव्हचे प्राइस हो, बॉब आणि फ्रॅन. तो मोटारींच्या कारखान्यात होता. कारखान्याने हातावर पैसे ठेवून घरी बसवला, तेव्हापासून दिवसभर गुलाबांच्या मागे. ती नर्स. नोकरी तिची, हिशेब तिचा, आणि चारही मुलांनी कसं जगायचं तेही तिनेच ठरवायचं. बाई कडक! मुलींना तर अशी धारेवर धरते की… आणि बेनला मात्र सगळं माफ. असतंच हो एकेक आईचं.

आधी परत आली धाकटी, रोझी. एकोणीस वर्षांची पोर, एकटी युरोप बघायला गेलेली. बर्लिनमध्ये एक जण भेटला. प्रेम वगैरे. आणि एका सकाळी उठून बघते तर काय, तोही नाही आणि हिच्या वस्तूही नाहीत. आली तशीच घरी, न कळवता. बाप पोरीला बघून वेडा झाला आनंदाने. आईने दारातच चेहरा वाचला. काही विचारलं नाही लगेच, पण तिचे डोळे… तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही मुलींची आई आहात.

मग थोरली, पिप. नवरा साधा, दोन मुली, चांगली नोकरी, आणि ही निघाली व्हँकुव्हरला. मुलींना इथेच ठेवून! कामासाठी म्हणे. काम कसलं, तिकडे एक माणूस होता आणि तोही लग्न झालेला. फ्रॅनने जे तोंड सोडलं ना लेकीवर! पण गंमत पुढे आहे. थोडं जवळ या. अहो, तिलाही एकदा हा उंबरठा ओलांडावासा वाटला होता. एवढंच की तिने पाऊल मागे घेतलं. आता लेक तेच करायला निघाली आणि हिने मन मारलेलं सगळं वर आलं. लेकीवर चिडली की स्वतःवर, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिसरा मार्क. एक दिवस येऊन सांगतो की तो मार्क नाहीच, मिया आहे, आणि सिडनीला निघालाय. निघालीय. बघा, माझीसुद्धा जीभ अडखळते, मग त्या आईबापांची काय गत झाली असेल! बॉबचा चेहरा असा पडला की हा मनुष्य आता बागेत जाऊन सगळे गुलाब उपटतो की काय वाटलं. आणि शेवटी लाडका बेन. पैशांच्या ऑफिसात कामाला, भारी सूट, भारी बोलणं, आणि लोकांच्या पैशांना हात लावून बसला. ज्याला सगळं माफ होतं त्यानेच… जाऊ दे.

असे बघू नका माझ्याकडे. नाटकातली माणसं आहेत म्हणून काय झालं? खऱ्या शेजाऱ्यांची एवढी माहिती आपल्याला आहे का? ह्या समोरच्या घरात गेली कित्येक वर्षं कोण राहतं, सांगा बरं नाव. बिन ठेवायच्या दिवशी हात हलवतो, संपलं. प्राइसांचं मात्र मला कपाटातल्या घडीपर्यंत माहीत आहे, आणि ते सांगणारा आहे तो आपला विलुंगाचा अँड्र्यू बोवेल.

‘आपला’ म्हणते मी. जन्म तिकडे पश्चिमेला कालगूर्लीत, सोन्याच्या खाणींच्या गावात, १९६२ साली. मग पर्थ, मग मेलबर्नला नाटक शिकायला, आणि घर थाटलं आपल्या दक्षिणेला, द्राक्षांच्या मळ्यांत. शनिवारी विलुंगाच्या शेतकरी बाजारात कोथिंबीर घेताना माझे डोळे सारखे इकडेतिकडे. आमचे हे म्हणतात, अगं, भाजी बघ, माणसं काय बघतेस! दिसलं कुणीच नाही. बदाम मात्र छान मिळाले, पाठवते वाटीभर.

तर काय सांगत होते… हां, प्राइस. ते नाटक ‘थिंग्ज आय नो टू बी ट्रू’. २०१६ साली आपल्या इथल्या स्टेट थिएटर कंपनीने आणि लंडनच्या फ्रँटिक असेंब्लीने मिळून केलं. सगळं त्या मागच्या अंगणात. बोलताबोलता माणसं एकमेकांना उचलतात, खांद्यावर घेतात, अलगद खाली ठेवतात. मला आधी वाटलं, हे काय मध्येच सर्कस! मग रोझीला घरचे असे वर धरतात ना, तेव्हा गळ्यात काहीतरी अडकलं माझ्या. आणि फ्रॅनचं काम कुणी केलं ठाऊक आहे? यूजीनिया फ्रागोसने. म्हणजे त्याच्याच बायकोने! नवऱ्याने लिहिलेली आई बायकोने उभी करायची. मी म्हणते, तालमीहून परत जाताना त्या गाडीत रेडिओ तरी लावत असतील की नाही!

आणि बॉबचा कारखाना त्याने उगीच नाही घातलेला. ह्या पट्ट्यात घरटी एक जण कुठल्यातरी मोटारीच्या कारखान्यात होता. मित्सुबिशीचं टॉन्सली पार्क २००८ला बंद पडलं. तिकडे उत्तरेला एलिझाबेथचं होल्डन २०१७ला. त्या पिढीतली माणसं अजून दिसतात ना आपल्याला, नर्सरीत रोपं निवडताना, अगदी एकेका रोपाला पंधरा मिनिटं. वेळ घालवायचा तरी कसा त्यांनी! बॉब त्यांतलाच एक.

शेवट? शेवट नाही सांगत… बरं, सांगून टाकते, पोटात राहत नाही माझ्या. नाटक सुरू होतं ते रात्री वाजणाऱ्या फोनने. बाप एकटा त्या फोनशी, आणि मनात एकच हिशेब, चारांपैकी कोण? आपण वर्षभर त्या घरात हिंडतो, एकेका पोराची भानगड ऐकतो, आणि प्रत्येक वेळी वाटतं, फोन हिचा असेल, नाही, ह्याचा असेल. आणि फोन असतो फ्रॅनचा. म्हणजे फ्रॅनबद्दलचा. गाडीचा अपघात. जी सगळ्यांना सावरत होती, ओरडत होती, तीच. मुलांची काळजी करताना तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं हो. माझंही नव्हतं.

हे त्याचं कसब बघा. मी असते तर पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी झाले असते, अहो, फ्रॅन गेली! ह्या माणसाच्या पोटात सगळं असतं आणि तो तुम्हाला गुलाबाला खत घालायला लावतो.

तर त्याची सगळ्यात भारी भानगड मात्र ही नाही. ती दोन जोडप्यांची. लिऑन आणि सोन्या, पीट आणि जेन. १९९६ साली सिडनीच्या ग्रिफिनमध्ये झालं ते, ‘स्पीकिंग इन टंग्ज’. स्टेबल्स थिएटर, म्हणजे पूर्वी खरंच घोड्यांचा तबेला होता, इतकुसं. नट घाम पुसतो तो तुम्हाला दिसतो. त्या इतक्याशा जागेत दोन मोटेलच्या खोल्या एकदम! एका खोलीत लिऑन आणि जेन, दुसरीत पीट आणि सोन्या. लक्षात आलं का? ह्याची बायको त्याच्याबरोबर, त्याची ह्याच्याबरोबर, आणि चौघांपैकी कुणाला दुसऱ्या खोलीचा पत्ता नाही. बोलतात चौघे एकाच वेळी, कधी तर अगदी तेच शब्द! आपण समोर बसून बघतोय, दोन्ही खोल्या आपल्याला दिसताहेत, आणि त्यांना नाही. सांगू, ह्याहून मोठं सुख मला अजून तरी मिळालेलं नाही. कुणाच्या घरचं आपल्याला माहीत आणि त्यांना माहीत नाही, त्या वेळी पोटात कसं होतं… ह्याने त्याचं अख्खं नाटक केलंय.

मग? मग काय, एका खोलीतलं होतं, दुसरीतलं होत नाही. लिऑन-जेन पुढे जातात, पीट-सोन्या दारातून परत फिरतात. आता तुम्ही म्हणाल, परत फिरले ते सुटले. मुळीच नाही. घरी गेल्यावर न केलेल्या गोष्टीचीच जास्त राख होते. आणि पुढे नशीब बघा, दोघे नवरे अचानक एका बारमध्ये शेजारीशेजारी. दोघी बायकाही तशाच भेटतात. गप्पा सुरू. एकेकाचा चेहरा उतरत जातो, कारण समोरचा जी हकीकत सांगतोय ती आपल्याच घरातली आहे हे हळूहळू… मी तर खुर्चीच्या कडेला आले होते.

आणि एक सांगते, ह्या बोवेलच्या नाटकांत बुटांकडे लक्ष ठेवा. हसू नका. लिऑन पोलीस. धावायला गेला असताना एका माणसावर आदळतो, त्याच्या पायात चांगले तपकिरी ब्रोग. तोच माणूस पुढे समुद्रावर ते बूट काढून ठेवतो आणि पाण्यात चालत जातो. वाळूवर राहतात फक्त बूट. दुसरीकडे जेन एका रात्री खिडकीतून बघते, तर शेजारचा निक गाडीतून उतरतो आणि बायकांचा एक बूट समोरच्या झुडपात भिरकावतो. एकच बूट. आता कुठली बाई हे बघून झोपेल? पण त्या निककडे मी पुन्हा येते, त्याचं वेगळंच आहे.

‘आफ्टर डिनर’ मध्येच आठवलं. ते अगदी सुरुवातीचं, विद्यार्थी असताना सुचलेलं, १९८८ साली आलं. शुक्रवारची रात्र, पबमधलं बिस्ट्रो, तिघी मैत्रिणी एका टेबलाशी. डिंपी, पॉला, मोनिका. डिंपीचा सगळ्यांवर ताबा, कुणी कुठे बसायचं तेही ती सांगणार. मोनिकाचा नवरा नुकताच गेलेला, आणि तिला ‘बाहेर काढलंय’ मैत्रिणींनी. शेजारच्या टेबलावर एक घटस्फोटाच्या वाटेवरचा गॉर्डन. हसून हसून दुखायला लागतं, आणि मग लक्षात येतं की ह्यांतल्या कुणालाच घरी जायचं नाहीये. फार काही घडत नाही त्यात. पण डिंपी मी पाहिलेली आहे, गणपतीच्या कार्यक्रमात दर वर्षी ताटं वाढायची रांग तीच लावते. नाव नाही घेत, तुम्हाला कळलंय.

तर काय सांगत होते… हां, मासा! मासा सांगितला का तुम्हाला? ॲलिस स्प्रिंग्ज. वाळवंटाच्या मधोमध. साल २०३९. धो धो पाऊस आणि आभाळातून एक मासा येऊन पडतो गेब्रियल यॉर्कच्या पायाशी. त्या काळात मासे जवळपास संपलेत जगातून, आणि ह्याच्याकडे आज मुलगा जेवायला येणार. लहानपणी सोडून दिलेला मुलगा, इतक्या वर्षांनी. खायला घालायला घरात काही नाही. मासा आकाशातून! ‘व्हेन द रेन स्टॉप्स फॉलिंग’. २००८च्या आपल्या ॲडलेड फेस्टिव्हलमध्ये ब्रिंक प्रॉडक्शन्सने केलं. पुढच्याच वर्षी लंडनला अल्मेडात, २०१०ला न्यूयॉर्कला लिंकन सेंटरमध्ये. सिडनी-मेलबर्नची माणसं ॲडलेडचं नाव काढलं की कसा चेहरा करतात, माहिती आहे ना? आता करा म्हणावं.

त्या नाटकात चार पिढ्या आहेत आणि अर्ध्या लोकांचं नाव एकच. बापाचं गेब्रियल, प्रेयसीचं गेब्रिएल, मुलाचं पुन्हा गेब्रियल. आमच्या शेजारणी गोंधळल्या. आपल्याला काय, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची सवय! एकच बाई तरुणपणीची आणि म्हातारपणीची एकाच वेळी रंगमंचावर, एकीने सुरू केलेलं दुसरी निस्तरते. १९५९पासून २०३९पर्यंत ऐंशी वर्षांत सगळे एकच माशाचं सूप पितात, बाहेर पाऊस, आणि कुणीतरी म्हणतंच की बांगलादेशात पुरात माणसं मरताहेत. प्रत्येक पिढीत तेच वाक्य, सूप पिताना. मला त्या वाक्याचा पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली. आपणही बातम्या लावूनच जेवतो की.

पण मुद्दा वेगळा. लंडनची एलिझाबेथ. नवरा हेन्री, लहान मुलगा गेब्रियल. बाईला एक दिवस कळतं नवरा काय आहे ते. लहान मुलांच्या बाबतीत हो… स्पष्ट नाही बोलत, पलीकडे तुमचा नातू खेळतोय. तिने त्याला घराबाहेर काढलं. बरोबरच केलं. तो ऑस्ट्रेलियात आला. आणि तिने कुणालाही, मुलालासुद्धा, एक अवाक्षर सांगितलं नाही. मुलगा मोठा झाला, बाप कुठे गेला विचारत राहिला, आई भिंतीकडे तोंड करून दारू पीत राहिली. शेवटी बापाची पोस्टकार्डं घेऊन तो स्वतःच इथे आला, कूराँगला. आपलं कूराँग हो, मरेच्या मुखाजवळचं, आपण पेलिकन बघायला जातो ते. तिथे त्याला गेब्रिएल भेटली. तिचा भाऊ वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावरून नाहीसा झालेला. त्या पोराचा बूट… सांगितलं ना, बुटांकडे लक्ष ठेवा. तो कुणामुळे नाहीसा झाला हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. चेहराच सांगतोय तुमचा.

ते दोघे प्रेमात पडतात, आणि आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं, अहो, थांबा! एलिझाबेथबाईने तोंड उघडलं असतं तर? म्हणून मी आमच्या ह्यांना कायम सांगते, तुम्ही आम्हा बायकांना चहाड्या करता म्हणून बोलता. बोवेलची नाटकं बघा. बोलणाऱ्यांनी कुणाचं वाटोळं केलेलं नाही. वाटोळं केलंय ते सगळं पोटात ठेवणाऱ्यांनी. फ्रॅनने ठेवलं, एलिझाबेथने ठेवलं, पीटने ठेवलं. ह्यावर ह्यांनी पेपर वर केला. उत्तर नव्हतं.

फक्त एक नाटक माझ्या म्हणण्याच्या आड येतं, ‘होली डे’. २००१चं. एकोणिसाव्या शतकातला ओसाड मुलूख, वाटेवरची नोराची खाणावळ. मिशनऱ्याची बायको पोहोचते, सांगते चर्च जळलं, नवरा गेला, तान्हं मूल नाही. एक काळी बाई, लिंडा, हाताशी सापडते, मग तिनेच नेलं मूल. असं म्हणतात. कोण म्हणतात? सगळेच. एकाने म्हटलं की दुसऱ्याने मान डोलवायची. गोऱ्या बाईचा शब्द आहे ना! खरं काय घडलं ते त्या बाईला माहीत, ती काही सांगत नाही, आणि बाकीच्यांना खरं नकोच असतं, त्यांना जमीन हवी असते. पुढे जे होतं… माणसं मारली जातात, आणि ज्यांनी मारलं त्यांच्या तोंडून पुन्हा त्याबद्दल शब्द निघत नाही. आधी बोलले, मग गप्प बसले. दोन्ही तेवढ्याच सोयीने.

ते बघून आल्यावर मला दोन दिवस कुणाबद्दल काही बोलवेना. ह्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

‘द सीक्रेट रिव्हर’ही त्याचंच, म्हणजे कादंबरी केट ग्रेनव्हिलची, नाटक ह्याचं, २०१३ला. लंडनहून कैदी म्हणून पाठवलेला थॉर्नहिल हॉक्सबरी नदीकाठी जमीन बघतो आणि त्याला वाटतं, ही माझी. जिथे माणसं आधीपासून राहत होती! बोवेलने काय केलं, त्या धरुग माणसांना नावं दिली, त्यांची भाषा रंगमंचावर आणली, आणि गोष्ट सांगायला दिली त्यांच्याच बाईकडे, धिरुंबिनकडे. २०१७ला आपल्या इथे अँस्टी हिलच्या जुन्या दगडखाणीत केलं, उघड्यावर. मागे खरा कडा. शेवटी ज्यांनी मारलं ते आणि ज्यांना मारलं ते, दोघांच्यावर तोच कडा. परत येताना गाडीत कुणी जेवायला कुठे थांबायचं विचारलं नाही. आणि २०१९ला एडिनबराला दौरा चालू असताना धिरुंबिनचं काम करणाऱ्या निंगाली लॉफर्ड-वुल्फ गेल्या.  असो.

स्पेनमध्ये त्याचं फार कौतुक, हे माहीत आहे का? ते पावसाचं नाटक माद्रिदला असं चाललं की तिथल्या मंडळींनी त्याला खास त्यांच्यासाठी लिही म्हणून बोलावलं. मग त्याने फ्रँकोच्या काळातलं एक घर घेतलं, विसराळू झालेली आई, तिची जुळी मुलं, आणि तिला सांभाळायला आलेला कोलंबियाचा एक तरुण. ‘साँग ऑफ फर्स्ट डिझायर’. २०२५ला सिडनीत बेल्व्हॉयरला झालं. मी म्हणते, माणूस विलुंगाहून माद्रिदला गेला तरी गेला कुठे? पुन्हा त्याच स्वयंपाकघरात. कुणीतरी काहीतरी सांगितलेलं नाही आणि दुसरं कुणीतरी भांडी विसळतंय.

तर काय सांगत होते… निक! निकचं राहिलंच.

त्या दोन जोडप्यांच्या नाटकावरून त्यानेच सिनेमा लिहिला, ‘लँटाना’, २००१. रे लॉरेन्सने केला. इथली सिनेमाची मोठी बक्षिसं असतात ना, एएफआय, त्या वर्षीची सात नेली ह्या सिनेमाने, पटकथेचंही. अँथनी लापाग्लिया लिऑन, आणि जेफ्री रश. पडद्यावर सुरुवातीलाच लँटानाचं, म्हणजे टणटणीचं झुडूप, आत आत कॅमेरा, आणि आत एक बाई पडलेली. आपल्या कोकणातल्या रस्त्यांवर असते तीच टणटणी. साहेबाने बागेच्या शोभेला आणली, इथे काय आणि तिथे काय, आता कुणाला काढता येत नाही.

ती बाई म्हणजे व्हॅलरी, मानसोपचार करणारी. रात्री आडरस्त्यावर गाडी बंद पडलेली. बूथवरून नवऱ्याला फोनवर फोन, तो उचलत नाही, मशीन बोलतंय. शेवटी निकने लिफ्ट दिली. त्याने जवळचा रस्ता घेतला. ती घाबरली, अंधारात चालत्या गाडीतून उडी टाकली, आणि कड्यावरून… निकने काहीच केलं नव्हतं. पण गाडीत तिचा बूट राहिला आणि तो घाबरला. फेकला.

आणि बघणारी कोण, तर शेजारची जेन. जेनबद्दल लोक वाईट बोलतात, मला पटत नाही. एकटी राहिलेली बाई, नवरा वेगळा झालेला, रात्री झोप नाही, खिडकीशी उभी. निकची बायको पॉला तिची मैत्रीण, तिच्या पोरांना ही सांभाळणारी. अशात तिने तो बूट शोधून काढला. हातात घेऊन बसली. सांगावं? न सांगावं? आणि पोलिसांना फोन केला.

निक सुटला, कारण निर्दोषच होता. पण पॉला? तिने जेनकडे पुन्हा कधी तशी मान वर करून बघितलं नाही. पॉलाला पोलिसांनी विचारलं, नवऱ्याने काही केलं नाही हे तुला कशावरून माहीत? त्याने सांगितलं म्हणून, एवढंच तिचं उत्तर. बाकी कुणाच्याही लग्नात एवढं साधं उत्तर द्यायची सोय नव्हती. लिऑनच्या नव्हती, व्हॅलरीच्या तर नव्हतीच. तिचा नवरा जॉन शेवटी कबूल करतो की तो त्या रात्री घरीच होता. फोन वाजत होता, बायकोचा आवाज येत होता, त्याने उचलला नाही. रागाने नाही हो. थकून. जेफ्री रशचा तो चेहरा मला अजून…

तर जेन चुकली का, सांगा. आमचे हे म्हणतात चुकली, दुसऱ्याच्या अंगणातल्या बुटाशी तिला काय करायचं होतं. मी म्हणते, बाई मेलेली आहे, बूट सापडलाय, आणि ही गप्प बसून काय करणार होती, लोणची घालणार होती? तुम्ही विचारताय, तिच्या जागी मी असते तर काय? अहो, फोन केलाच असता मी पोलिसांना. नक्की केला असता. फक्त त्याच्या आधी तुम्हाला हाक मारली असती.